लाल गाडीचा मुका भोंगा

ती लाल गाडी चोरीला गेली तो दिवस आठवला की मला आजही आधी हसू येतं आणि मागोमाग थोडी लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण चार माणसं जमली की मी हीच केस सांगत बसतो. आमची ही म्हणते, "अहो, तुमचीच फजिती ती, एवढी रंगवून काय सांगता?" फजिती आहे म्हणूनच सांगतो. शाबासकीच्या केसेस सांगायला बाकीचे निवृत्त अधिकारी आहेतच. नावं मात्र कुणाची घेणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून सुखात आहेत आणि मला दिवाळीला फराळाला बोलावतात.

एकोणीसशे सत्तर उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. श्रीरामपूरच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. पाटाच्या पाण्याचा मुलूख, त्यामुळे दुष्काळातही आमच्याकडे ऊस हिरवा होता. रस्त्यावर जीपा, ट्रक आणि डॉक्टरांची एक काळी जुनी मोटार, एवढाच काय तो मोटारींचा संसार. अशा गावात एका बागाईतदारानं मुंबईच्या कुठल्याशा हौशी माणसाकडून विलायती गाडी आणली. दोन माणसांची, लाल, वर कापडी टप, आणि बुटकी इतकी की शेजारून बैल गेला तर बैलाचं तोंड वर आणि ड्रायव्हरचं खाली. पळायला मात्र वारा! मालकाला सगळा गाव पाटील म्हणायचा, मीही म्हणायचो.

एक दिवस पाटील ठाण्यात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, माझी झोप उडाली बघा. दाराला कुलूप लावून उपेग काय? वर कापाड. ब्लेड मारलं की गाडी त्याची."

मी पोलीस मोटार विभागात दोन वर्षं काढली होती, त्यामुळे गाड्यांतलं आपल्याला जरा जास्तच कळतं असा माझा समज होता. मी म्हटलं, "पाटील, चोरानं हात लावताच बोंब मारील असा भोंगा बसवा. परदेशात बसवतात."

झालं. पाटलांनी मुंबईहून तयार यंत्र मागवलं. डबीएवढं, आत लोंबकळणारा लंबक. गाडी हलली की लंबक हलायचा आणि भोंगा सुरू. कागदावर झकास. पण ते यंत्र बनवणाऱ्यानं आमचा गाव पाहिला नव्हता. उसाची गाडी शेजारून गेली की भोंगा, शेळी अंग घासून गेली की भोंगा, टपावर कावळा बसला तरी भोंगा. तिसऱ्या दिवशी पाटील पुन्हा माझ्यासमोर. "साहेब, गाडी ऱ्हायली जागेवर, पन म्हशीनं पान्हा चोरला! भोंगा वाजला की पाय झाडती. मंडळी म्हनतात, येक तर भोंगा ठेवा न्हाईतर म्हस."

मग आम्ही गावातल्या वायरमनला बोलावलं. बाजारपेठेत त्याचं हातभर रुंदीचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्त करायचा, घरोघर वायरिंग करायचा. वय तिशीचं, बोलणं कमी, हात सोन्याचे. त्यानं ते मुंबईचं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत पाटलांच्या हातात ठेवलं. "पाटील, हे यंत्र हुशार हाय, पन याला मानूस आन् शेळी यातला फरक कळत न्हाई. गाडी हलली तर वाजायला नको. दार उघडलं तर वाजायला हवं."

त्याची योजना साधी होती. दोन्ही दारांना आणि बॉनेटला एकेक छोटी कळ. दार उघडलं की बंदुकीच्या घोड्यासारखा आतला विजेचा खटका खाली पडणार आणि भोंगा सुरू. चोरानं घाबरून दार पुन्हा लावलं तरी भोंगा थांबायचा नाही. शिवाय भोंगा चालू असेपर्यंत इंजिनाला ठिणगीच मिळणार नाही. हे सगळं बंद करायला एकच चोरकळ. ती समोरच्या फळीखाली, डाव्या कोपऱ्यात, खाली वाकून पाहिलं तरच दिसेल अशी. मालकानं टपाच्या फटीतून हात घालायचा, कळ खाली करायची आणि मगच दार उघडायचं.

दोन दिवस तो गाडीखाली आणि गाडीत पालथा पडून होता. मी येताजाता बघायला जायचो. पहिल्याच तासाला त्यानं मला गप्प केलं. मी म्हटलं, "ती वायर बॉडीला जोड." तो म्हणाला, "थांबा साहेब. ही गाडी उलटी हाय." आणि खरंच, त्या गाडीच्या बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली होती. मोटार विभागातल्या माझ्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक सांधा त्यानं पीळ देऊन सोडला नाही, कथलानं झाळून घेतला. म्हणाला, "वेगाची गाडी थरथरती. पिळाचा सांधा म्हैनाभरात सुटंल." धुराड्याजवळून जाणाऱ्या तारेवर रबरी नळी चढवली. भोंगा भंगारातल्या ट्रकचा.

चाचणी ठाण्यासमोर घेतली, ही माझी हौस. जमादारांना म्हटलं, दार उघडा. त्यांनी उघडलं मात्र, असा आवाज झाला की जमादारांची टोपी एकीकडे, जमादार दुसरीकडे, आणि समोर सोडलेली बैलजोडी गाडीवानासकट स्टँडच्या दिशेनं. कोठडीतला एक भुरटा गजांना धरून ओरडला, "म्या काय केलं न्हाई!" पाटील खूश झाले. जाताना मी दोघांना ताकीद दिली, "ती चोरकळ कुठं आहे हे आपल्या तिघांतच राहिलं पाहिजे." दोघांनी माना डोलावल्या.

नवरात्र झालं, दसरा झाला. दसऱ्यानंतरच्या बाजारच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पाटील धावत ठाण्यात आले. पायात एकच वहाण. खरेदी-विक्री संघाच्या कचेरीसमोर लिंबाखाली गाडी लावून ते आत बैठकीला गेले होते. बाहेर आले तर लिंब जागेवर, गाडी गायब. भर बाजारातून! मी ठाणे अंमलदाराला फिर्याद लिहून घ्यायला सांगितलं, आसपासच्या ठाण्यांना निरोप सोडला आणि जागेवर गेलो. गाडी जाताना पन्नास जणांनी पाहिली होती, चोरी मात्र एकानंही पाहिली नव्हती. सगळ्यांना वाटलं, पाटीलच चाललेत.

आणि भोंगा? भोंगा वाजलाच नव्हता.

मी तिथंच लिंबाखाली उभा राहून हिशेब केला. चोरकळ तिघांना माहीत. एक पाटील, एक मी. उरला कोण?

जमादार माझ्यापेक्षा वयानं मोठे होते. हळूच म्हणाले, "साहेब, तिघांत तुमचंबी नाव येतंय."

"जमादार, गंमत करायची वेळ नाही ही," मी डाफरलो आणि दोन शिपाई वायरमनच्या दुकानावर पाठवले. त्यांनी त्याला बाजारपेठेतून, भाजीवाल्यांच्या रांगांमधून, दोघांच्या मधे चालवत ठाण्यात आणलं. अटक दाखवली नव्हती, नुसती चौकशी. पण चौकशी आणि अटक यातला फरक फौजदारी संहितेला कळतो, बाजाराला कळत नाही.

मी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मारहाण केली नाही, तशी माझी पद्धत नव्हती. पण तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. सकाळी कुठं होतास? कुणाशी बोललास? किती जणांना कळ दाखवलीस? त्याचं उत्तर एकच, "न्हाई साहेब, कुनालाच न्हाई." मी शेवटी चिडून म्हटलं, "मग काय गाडीनं स्वतःच सांगितलं चोराला?"

तेव्हा तो पहिल्यांदा वर बघून बोलला. "साहेब, गाडी आज ना उद्या घावंल. माझं काय? मी लोकांच्या घरात शिरून पोट भरतो. घरात बाईमानूस येकटी असती, कपाट उघडं असतं, आन् मी तितं पंखा टांगत असतो. येकदा चोर म्हनलं की मला दार कोन उघडंल?"

मी त्याला सोडलं, पण गाव सोडायचं नाही म्हणून बजावलं. माझा संशय गेला नव्हता. नंतर कळलं, तो ठाण्यात बसलेला असताना तीन गिऱ्हाइकं दुकानावर येऊन आपापले रेडिओ न दुरुस्त करताच घेऊन गेली. त्याच्या बायकोनं मुकाट्यानं काढून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवगावहून फोन आला. तिकडं दुष्काळी कामावर खडीचा रस्ता चालला होता. तिथल्या मुकादमानं खबर दिली होती, की एक लाल बुटकी गाडी रस्त्यात पोट टेकून उभी आहे आणि गाडीवाला मिस्त्री आणतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. मी जमादार, पाटील आणि वायरमन, तिघांना जीपमध्ये घातलं. वायरमनला नेलं ते त्याच्या जोडणीशी कुणी छेडछाड केली का ते दाखवायला. पाटील मुद्दाम पुढं माझ्याजवळ बसले. तो मागं जमादारांजवळ बसला होता.

गाडी खडीच्या ढिगावर पोट टेकून उभी होती. खालचं तेलाचं भांडं फुटून तेल सांडलेलं. विलायती गाडी, ती आमच्या खडीला काय पुरणार! भोवती खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या बाजूला ठेवून तमाशा बघत होत्या.

मी पंच बोलावले आणि पंचनामा सुरू केला. चोरकळ बघायला म्हणून फळीखाली हात घातला. कळ खाली केलेली होती, तोडफोड काही नाही. हात बाहेर काढला तर बोटाचं टोक लाल.

"रगत?" पाटील दचकले.

वायरमननं माझं बोट धरून उन्हात पाहिलं, वास घेतला. "साहेब, हे कुंकू हाय. हळदबी हाय. हे मी लावलेलं न्हाई. मी ती कळ लपवायला दोन दिस पालथा पडलो हुतो, तिला टिळा कशाला लावू?"

जमादार घसा खाकरले. कळीला कुंकू म्हणजे घरातली पूजा, आणि आम्हा तिघांत पूजा करणारं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात बायकांतली एक वयस्क बाई पुढं आली. "सायेब, गाडीवाला देवाधर्माचा वाटला बगा. आमी ईस-पंचईस बाया लागलो ढकलाया. गाडी काय हलली न्हाई, पर त्यानं समद्यास्नी हात जोडले. कल्ले ठेवल्यालं, चौकड्याचा सदरा, आन् कपाळाला कुंकवाचं बोट वढल्यालं. आमी म्हनलं, नवी गाडी घिऊन देवाला चाललाय जनू."

मी तिचा जबाब घेतला आणि तडक पाटलांच्या घरी आलो. वहिनी ओसरीवर वाती वळत होत्या. मी विचारलं, "वहिनी, गाडीच्या त्या लपवलेल्या कळीला कुंकू कुणी लावलं?"

"मीच की," त्या म्हणाल्या. आवाजात कसली अपराधाची भावना नाही, उलट अभिमान. "खंडेनवमीला समद्या हत्यारापात्याची पूजा करत्यात. ट्रॅक्टरला लावलं, विंजनाला लावलं, शिलाई मशीनला लावलं. हे म्हनले हुते, ती कळच गाडी राखती. मग राखनदाराला नको व्हय लावायला? वाकून वाकून लावलं, वर येक झेंडूचं फूलबी खोचलं."

मी पाटलांकडे पाहिलं. पाटील जमिनीकडे पाहत होते. "पाटील, आपल्या तिघांत ठेवायचं ठरलं होतं ना?"

"तिघांतच ठेवलं की," ते पुटपुटले. "हिला सांगितलं तेवढंच. घरात सांगितलं म्हंजी काय कुनाला सांगितलं का?"

मी त्यांना रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण भोंगा बसवला त्याच दिवशी जेवताना मीही आमच्या मंडळींना चोरकळीची सगळी हकीकत सांगितली होती, आणि माझ्याही मोजणीत ती आली नव्हती. तिघांना माहीत असलेली गोष्ट आम्ही नवरेमंडळींनी पाच जणांत नेली होती, आणि संशय मात्र त्या तिसऱ्यावर.

"वहिनी, ते कुंकू कुणी पाहिलं?"

"दसऱ्याला समदा गाव सोनं द्यायला आल्ता. पन वाकून बघितलं ते त्या नगरच्या दलालानं. जुन्या मोटारी घेतो-इकतो न्हाई का, कल्लेवाला? गाडी मागायला दोनदा आल्ता, ह्यांनी दिली न्हाई. म्हनला, वहिनी, खाली झेंडूचं फूल कशाला खोचलंय? मी सांगितलं, ही राखनदारीन हाय, हिला खाली केल्याबिगर गाडी हलत न्हाई." एवढं बोलून त्या थांबल्या. हातातली वात खाली पडली. "आगं बया! मीच सांगितलं की हो चोराला! त्येला शिरा बी वाढला!"

आणि लगेच दुसऱ्या श्वासाला म्हणाल्या, "मंग त्या वायरमनला तुमी बाजारातनं चालवत का नेलं?"

मी टोपी चढवली आणि नगरची वाट धरली.

दलाल नगरला त्याच्या घरीच सापडला, जेवताना. ठाण्यात आणून समोर बसवला. पक्का माणूस. गाडी? कुठली गाडी? बाजाराच्या दिवशी मी नगर सोडलंच नाही. शेवगावकडं तर मी जन्मात गेलो नाही. अर्धा तास असाच गेला. मग मी आवाज खाली आणून म्हटलं, "बरं, एवढंच सांग. चोरी करायला निघालेला माणूस कपाळाला कुंकू कशाला लावील? ती बाई खोटंच सांगत असणार."

तो पटकन म्हणाला, "लावलं न्हाई साहेब, बोटाला लागलं हुतं. मग कुंकू काय इजारीला पुसायचं असतं? माय आठवली, कपाळाला लावलं."

जमादारांच्या हातातली लेखणी थांबली. दलालाच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आवरेना. चोर होता, पण संस्कार घरचे होते. मग त्यानं सगळं सांगितलं. जुन्या मोटारींच्या किल्ल्यांचा जुडगा जवळ होताच, त्यातली एक लागली; पैठणच्या बाजूला गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं, मुख्य रस्त्याला अडवतील म्हणून कच्च्या वाटेनं निघाला, आणि खडीनं घात केला.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून ओळख परेड घेतली. तहसीलदारांसमोर सारख्या अंगाची दहा माणसं उभी केली. खडीवरची ती बाई आली, पहिल्या फेरीतच त्याच्यापुढं थांबली आणि म्हणाली, "आज कुंकू न्हाई लावलं व्हय?" तहसीलदारसाहेबांनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. पुढं वर्षभरानं खटला रीतसर चालला आणि त्याला शिक्षा झाली.

माझ्यापुरता तपास त्या परेडीतच संपला होता. पण वायरमनच्या दुकानात अजून कुणी येत नव्हतं. खरा चोर सापडला हे गावाला कळलं होतं, तरी लोक म्हणत, 'पोलिसांनी उगीच नेलं असंल व्हय? काय तरी असंलच.' बाजारानं त्याला शिपायांच्या मधे चालताना पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस कागद वाचून पुसत नाही.

आठ दिवस मी टाळत होतो. फौजदारानं वायरमनची माफी मागायची हे माझ्या डोक्यात बसेना. शेवटी पुढच्या बाजाराला पूर्ण गणवेश चढवला आणि भाजीच्या रांगांमधून एकटा चालत त्याच्या दुकानावर गेलो. तो उठून उभा राहिला. त्यानं वहाणा पायात सरकवल्या. पुन्हा आले, असं वाटलं असणार त्याला.

मी मुद्दाम मोठ्यानं बोललो. "मिस्त्री, माझी चूक झाली. तुम्हाला ठाण्यात नेलं ते चुकलं." आजूबाजूची घासाघीस थांबली. "आता माझं एक काम आहे. दिवाळीला आम्ही दोघं चार दिवस गावी चाललोय. माझ्या घरातली वायरिंग जुनी झालीय, सगळी नवी करून ठेवा. घरात कुणी नसेल. ही किल्ली."

त्यानं हात पुढं केला नाही. "साहेब, येखादा शिपाई बसवा सोबत."

"कशाला? शिपायाला वायरिंग येतं का?"

लोक हसले. तोही थोडा हसला आणि किल्ली घेतली. तेवढ्यात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई उठली आणि म्हणाली, "बाबा, माझा रेडिओ अजून खरखरतोय रं. उद्या आनते." तो "आना की मावशी" म्हणाला आणि पाठ फिरवून फळीवरचं काहीतरी उगीच हुडकायला लागला.

चार दिवसांनी आम्ही परत आलो. किल्ली जमादारांकडे जमा होती. घर उघडलं. वायरिंग सुरेख, पट्ट्या सरळ, फरशी झाडलेली. आमची ही आत गेली आणि तिनं मला हाक मारली. निघायच्या गडबडीत ती तिच्या सोन्याच्या पाटल्या फडताळावर उघड्याच विसरून गेली होती. प्रवासभर काळजी करत होती, पण मला बोलली नव्हती. पाटल्या तिथंच होत्या. फक्त भिंत खोदताना त्यांच्यावर धूळ पडू नये म्हणून त्यानं वर एक वाटी पालथी घातली होती.

ही ती वाटी हातात घेऊन माझ्यापुढं आली. मग म्हणाली, "अहो, या माणसाला तुम्ही बाजारातून चालवत नेलंत?"

त्यानंतर वीस वर्षं नोकरी केली. संशय घ्यायचं सोडलं नाही, ते आमचं कामच आहे. पण चौकशीसाठी कुणालाही मी पुन्हा बाजारातून चालवत आणलं नाही. साध्या वेशातला माणूस पाठवून निरोप द्यायचो, नाहीतर सरळ त्याच्या दुकानी जाऊन बसायचो आणि चहा मागवायचो.